मशीनला रुपया ठाऊक होता

बिल बशीत घालून आलं आणि मी झडप घातली. तरी समोरच्या माणसाचा हात माझ्या आधी पोचला. केवढा हात तो! जन्मभर गाई-घोड्यांची बाळंतपणं केलेला हात. त्या पंजाखाली अख्खी बशी दिसेनाशी झाली.

"अहो डॉक्टर, सोडा," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले. दुसरं मला येतंय काय?

डॉक्टर हसले आणि त्यांच्या चेक भाषेत काहीतरी बोलले. सूर मात्र ओळखीचा होता. आमच्या मिरजेत लग्नाच्या बैठकीला हॉटेलात गेलं की काउंटरपाशी जी ओढाओढ होते ना, तोच सूर.

"सोडा म्हणते ना! आम्ही मुलीकडचे. आज बिल माझं."

त्यांच्या पंजाखाली बोटं घालून मी बशी ओढलीच. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि मान झुकवली. जिंकले! मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मुलीकडचे म्हणजे मी एकटीच. शर्वरी माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा शरू पहिलीत होती. माय मरो पण मावशी उरो म्हणतात, तशी मी उरले होते. मिरजेत स्टेशनजवळ माझी खानावळ. दवाखान्यात पेशंट घेऊन आलेली माणसं, नर्सेस, शिकणारी मुलं, सगळी माझ्याकडे जेवतात. त्या भाजीभाकरीवर शरू इंजिनिअर झाली, नोकरीला चेक देशात ब्रनो नावाच्या गावी गेली, आणि दोन वर्षांनी फोनवर म्हणाली, "मावशी, इथला एक मुलगा आहे. टोमाश. तू ये, त्याला बघ, त्याच्या वडिलांना बघ. तू नाही म्हणालीस तर मी नाही करणार."

पोरीनं असं म्हटल्यावर सगळा भार आपल्या डोक्यावर. नाही म्हणायचं तर मन मोकळं पाहिजे आणि पोटात परक्याचं मीठ नको. कुणाचं मीठ खाल्लं की माणूस मिंधा होतो. खानावळ चालवणारीला हे कुणी शिकवायला लागत नाही. म्हणून निघण्याआधीच मी बँकेत जाऊन परदेशात चालणारं कार्ड करून घेतलं होतं. बँकेतल्या बाईंनी बजावलं होतं, "मशीनवरचा आकडा स्वतः वाचायचा. वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही." शरूला कार्डाचा पत्ताच लागू दिला नव्हता. सांगितलं असतं तर तिनं काढूच दिलं नसतं.

डॉक्टरांचं नाव यारोमीर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, टोमाश एकुलता एक. शरू त्यांना सरळ "यारोमीर" म्हणून हाक मारायची. मला कसंतरीच व्हायचं.

"अगं, होणाऱ्या सासऱ्याला नावानं हाक?"

"इथं तसंच म्हणतात, मावशी. तू व्याही म्हण हवं तर."

"व्याही म्हणायला अजून अवकाश आहे," मी म्हणाले होते. मी डॉक्टरच म्हणायची.

तर त्या दुपारी जेवण झालं. बटाट्याचं सूप आणि चीजची तळलेली जाड वडी. सूपात मीठ कमी होतं, पण मी जिभेला आवरलं. माझा गुडघा दुखतो म्हणून शरू आणि टोमाश लांब लावलेली गाडी आणायला गेले. हीच संधी साधून मी बिल मागवायची खूण केली होती.

हॉटेलातली मुलगी मशीन घेऊन आली. मी पिशवीतून रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली आणि कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ते मशीनमध्ये खोचून मशीन माझ्यापुढे धरलं. मी चष्मा लावला. वर त्यांच्या कोरुनाचा आकडा होता, दोन हजार तीनशे आणि वर काही. आणि त्याच्या खाली, अगं बाई, खाली आपले रुपये! आठ हजार एकशे चाळीस. अक्षरं इंग्रजी होती, पण आय-एन-आर म्हणजे रुपया हे बँकेतल्या बाईंनी कागदावर लिहून दाखवलं होतं.

काय सांगू मला काय वाटलं ते! कुठं मिरज, कुठं हे गाव. चार दिवस एक पाटी वाचता येत नव्हती, आणि त्या एवढ्याशा डबड्याला माझा रुपया ठाऊक होता. परमुलखात स्टँडवर कुणीतरी "काय मावशी, मिरजेच्या का?" म्हणून विचारावं तसं झालं. मी डॉक्टरांकडे बघून हसले आणि मशीनवर टकटक करून दाखवलं. "बघा, रुपया!"

आणि रुपयाचं बटण दाबायला बोट नेलं, तर तो प्रचंड पंजा मधे आला.

"ने, ने, ने!"

त्यांनी तांबडं बटण दाबलं. पडदा कोरा झाला. मग ते त्या मुलीला काहीतरी बोलले. आवाज चढलेला नव्हता, पण जड होता. ती पोर लालेलाल झाली. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

"हात काढा," मी म्हणाले. "पैसे आहेत माझ्याकडे."

डॉक्टर माझ्याकडे वळले आणि बोट हलवून एकेक शब्द सावकाश म्हणाले. "रुपिये, ने. कोरुनी, आनो." ने म्हणजे नाही आणि आनो म्हणजे हो, एवढं चार दिवसांत मला कळायला लागलं होतं.

रुपये नकोत. कोरुना हवेत!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. का हो? आमच्या रुपयाला काय खरूज झालीय? तुमच्या गावात तुमचंच चालणार का? मशीनला चालतो, आणि तुम्हाला चालत नाही? हे सगळं मी बोलले असते, पण ऐकणारं कोण होतं तिथं? त्या मुलीनं पुन्हा कार्ड खोचलं, पुन्हा ते दोन आकडे आले. डॉक्टरांनी वरच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. चारचौघांत तमाशा नको म्हणून मी वरचं दाबलं, चार आकडे दाबले, चिठ्ठी घेतली. पैसे माझेच गेले. मान मात्र गेला तो गेलाच.

"मावशी, तू बिल दिलंस?" शरू दारातून येत ओरडली. "आणि कार्ड कधी काढलंस तू?"

"काढलं. चल."

"काय झालं?"

"काही नाही. गुडघा दुखतोय."

गाडीत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. टोमाश अधूनमधून आरशातून माझ्याकडे बघायचा. पोरगा वाईट नव्हता हो. चार दिवस माझ्या मागेपुढे करत होता, "माउशी, चाहा?" म्हणून विचारत होता. पण लग्न नुसतं पोराशी होत नाही. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. आज रुपया नको म्हणाले. उद्या म्हणतील साडी नको, आमचा झगा घाल. परवा म्हणतील पोह्यांचा वास येतो. आणि आमची पोर सोशिक. ती म्हणेल, बरं. आयुष्यभर वरचंच बटण दाबत राहील.

नकार द्यायचा. गाडी डॉक्टरांच्या खेड्यात शिरेपर्यंत माझं ठरलं होतं.

घर साधंच होतं, छान होतं. मागे प्लमची झाडं, त्यांच्याखाली लाकडी टेबल. डॉक्टर आत गेले आणि दोन्ही हातांत नक्षीचा रुमाल आडवा धरून बाहेर आले. रुमालावर एक गोल पाव, पावावर छोटी वाटी, वाटीत मीठ. माझ्यापुढे येऊन ते ताठ उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे.

"मावशी, ही यांची जुनी रीत आहे," शरू हळूच म्हणाली. "मानाचं माणूस पहिल्यांदा घरी आलं की पाव आणि मीठ देतात. तुकडा तोडायचा, मिठाला लावायचा आणि खायचा. तुझ्यासाठी त्यांनी पहाटे उठून भाजलाय."

मीठ! नेमकं मीठ!

"पोट भरलंय म्हणावं," मी म्हणाले.

"अगं, नुसता एवढासा तुकडा."

"नको म्हटलं ना."

शरूनं काय सांगितलं कोण जाणे, पण डॉक्टरांचे हात तसेच राहिले. मग त्यांनी पाव टेबलावर ठेवला, त्याच रुमालानं नीट झाकला, आणि टोमाशला घेऊन आत गेले. जाताना पाठ जरा वाकल्यासारखी वाटली. माझ्या खानावळीत ताटावरून कुणी असं उठून गेलं असतं तर मी दोन दिवस जेवले नसते.

"मावशी, आता बोल." शरू माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तोंड पांढरं पडलं होतं तिचं.

"माझा नकार आहे."

ती बाकावर बसली. रडली नाही, ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिची आई अशीच बघायची.

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं, मी शब्द दिलाय. पण का ते सांग."

मग मी सगळं सांगितलं. मशीन, रुपया, तो पंजा, तांबडं बटण, लालेलाल झालेली ती पोर. "रुपये नकोत म्हणाले गं माझे! चारचौघांत!" मी म्हणाले. "मी भिकारी आहे का?"

शरूचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतेय. बघते तर कार्टी हसत होती! हसून हसून डोळ्यांतून पाणी.

"दात काय काढतेस?"

"मावशी, अगं वेडाबाई, त्यांनी तुझे पैसे वाचवले!"

"कसले वाचवले? पुरे पैसे दिलेत मी."

"ऐक. मशीननं विचारलं, रुपयांत घेऊ की कोरुनांत. बरोबर? तू रुपये दाबलेस की रुपयाचा भाव कोण ठरवणार? ते मशीन. आणि तो भाव फुगवलेला असतो. वरची मलई हॉटेलवाला आणि मशीनवाले वाटून खातात. कोरुना दाबलेस की भाव आपली बँक ठरवते. तीही आपली थोडी फी कापते, फुकट कुणी करत नाही, पण बाजारभावाच्या जवळ असतं. म्हणून बाहेरच्या देशात नेहमी तिथलेच पैसे दाबायचे. तुझं कार्ड मला माहीत असतं तर पहिल्या दिवशीच सांगितलं असतं."

डोक्यात काहीतरी हललं.

"म्हणजे आपल्या स्टेशनबाहेरचे ते एकदोन रिक्षावाले?" मी म्हणाले. "कर्नाटकातून पेशंट घेऊन कुणी उतरलं की कानडीत गोड बोलतात. बिचाऱ्याला वाटतं, आपला माणूस भेटला. आणि दवाखान्यापर्यंत दुप्पट भाडं."

"तस्सं! अगदी तस्सं. तुझ्याशी मशीन कानडी बोललं."

"थांब." मी पिशवीतला फोन काढला. बँकेचा मेसेज आलेला होता, मी रागात बघितलाच नव्हता. खात्यातून किती गेले ते त्यात होतं. साडेसात हजारांच्या आसपास, बँकेच्या फीसकट. आणि मशीन मागत होतं आठ हजार एकशे चाळीस. गिऱ्हाइकानं किती पोळ्या खाल्ल्या ते मी दहा दिवसांनी सांगते, तो आकडा विसरेन होय? सहाशे रुपयांचा फरक. तेव्हा माझ्याकडे साठ रुपयांना थाळी होती. दहा माणसं जेवली असती त्यात.

पण मी सहजासहजी हार मानणारी नव्हे. "बरं, वाचवले. मग त्या पोरीला एवढं बोलायचं काय कारण? पाहुण्यांदेखत?"

"ते मला नाही माहीत. त्यांनाच विचारते."

"अगं, नको..."

पण शरूनं हाक मारलीच. डॉक्टर बाहेर आले, मागून टोमाश. शरू चेकमध्ये बोलत होती, हातवारे करत होती. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आधी काही कळेना, मग कळलं, मग त्यांनी कपाळावर हात मारला. कपाळावर हात मारायला भाषा लागत नाही. ते माझ्यासमोरच्या बाकावर बसले आणि बोलायला लागले. थांबत थांबत बोलत होते, आणि शरू त्यांच्या मागून मराठीत सांगत होती.

"ते म्हणतात, मी त्या मुलीला एवढंच म्हणालो, की ग्राहकाला न सांगता हे पुढे करू नकोस. तिचा दोष नाही, मालकानं शिकवलेलं असतं. माझा आवाज जड झाला, त्याबद्दल माफी मागतात. कारण..." शरू थांबली, त्यांना काहीतरी विचारलं, आणि पुन्हा सुरू झाली. "कारण यिट्का. त्यांची बायको. तिनं जन्मात समुद्र बघितला नव्हता. तिनं पैसे साठवले आणि दोघं क्रोएशियाला गेले. तिथं प्रत्येक दुकानात मशीन विचारायचं, तुमच्या कोरुनांत घेऊ का? तिला इतका आनंद व्हायचा. म्हणायची, यारो, बघ, इथंही आपल्याला ओळखतात! आणि ती दर वेळी कोरुनाच दाबायची. घरी आल्यावर बँकेचा हिशोब आला तेव्हा कळलं, केवढे जास्तीचे गेले ते. ती रडली. पैशांसाठी नाही, म्हणाली, मला त्या मशीनचा आनंद झाला होता याची लाज वाटते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. निळे डोळे, पाण्यानं भरलेले. त्यांनी एकच वाक्य म्हटलं आणि बोटानं माझ्या चेहऱ्याकडे दाखवलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

शरूचा आवाज बारीक झाला. "म्हणतात, मशीन बघून तुमचा चेहरा तसाच खुलला होता. यिट्कासारखा. मला ते बघवलं नाही."

इतकी वर्षं लोकांना जेवायला वाढलं, किती जण हिशोबात मला फसवून गेले, किती जण गोड बोलून उधारी बुडवून गेले. माझा पैसा जातोय म्हणून मधे हात घालणारं कधी कुणी भेटलं नव्हतं. नवरा होता तोही नाही. आणि ज्यानं घातला, त्याच्यावरच मी तणतणत बसले होते. स्वतःच्या पैशाला जपणारे ढिगानं असतात. हा माणूस माझ्या पैशाला जपत होता, आणि त्याहून जास्त माझ्या हसण्याला. माझी पोर अशा घरात जात असेल तर मला आणखी काय पाहिजे होतं?

मी उठले, तसे डॉक्टरही उठून उभे राहिले. गुडघा कुरकुरला, त्याला म्हटलं गप बस. टेबलापाशी गेले आणि पावावरचा रुमाल काढला. कडक कवच होतं, दोन्ही हातांनी तोडावं लागलं. मोठा तुकडा घेतला, मिठात चांगला बुडवला आणि तोंडात घातला. चांगला भाजला होता. खानावळवालीचं सर्टिफिकेट आहे हे, उगीच देत नाही मी.

तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होती. टोमाशनं तर श्वास रोखला होता.

"मावशी," शरू म्हणाली, "चालेल ना?"

मी दुसरा तुकडा तोडला.

"त्यांना म्हणावं, पाव झकास झालाय. आणि व्याह्यांना सांग, माझ्या पंक्तीत वाढणारा उभा राहत नाही, बसून जेवतो. बसा म्हणावं."

शरूनं तोंड उघडलं आणि मिटलं. "काय म्हणालीस?"

"बसा म्हणाले."

"त्याच्या आधी."

"व्याही म्हणाले. ऐकू येत नाही का? कर की आता भाषांतर."

पण तिला कुठलं जमतंय. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होती, टोमाश "त्सो? त्सो?" म्हणून, म्हणजे काय झालं, काय झालं, विचारत होता, आणि डॉक्टर घाबरून माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असणार, आता पुन्हा काय बिनसलं. शेवटी मीच उरलेल्या पावाचा एक तुकडा तोडला, मिठाला लावला आणि त्यांच्यापुढे धरला.

"घ्या, व्याही," मी म्हणाले. "आनो?"

"आनो," ते म्हणाले, आणि तो केवढा तरी हात पुढे आला.